सुभद्राकाकूची मधली परीक्षा

आयुष्यात मी एकच परीक्षा दिली आणि तिच्यात नापास झाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं माझ्यासाठी उगाच जीव टांगून ठेवायला नको. पण ती परीक्षा माझी नव्हतीच मुळी. ती माझ्या सुभद्राकाकूची होती, आणि मला तिच्या सोबतीला बसवलं होतं. एकट्या बाईला गोंदियाला पाठवणार कोण? सोबत म्हणून पुरुषमाणूस दिला तर तो आत बसू शकत नाही. मग बाबाच म्हणाले, "यशोदीलेबी बसवून द्या. तिलेबी चार अक्षरं येतेत." झालं. मी पंधरा वर्षांची होते, चौथी पास होते, आणि आपण फार हुशार आहोत अशी माझी खात्री होती.

आमचं गाव तिरोड्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, वसलेलं. तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला असं घरात सांगत, आणि सांगताना असं सांगत की जणू परवाच बांधून हातपाय धुऊन आले. बाबा तलावाचे पाणकर होते, म्हणजे कोणाच्या बांधीला पाणी कधी सोडायचं ते ठरवणारे. (बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं वाफ्यासारखं शेत.) आमच्या तलावाचा नेम असा की पाणी आधी सगळ्यात लांबच्या बांधीला, आणि मग सरकत सरकत जवळच्याला. पाळीला लागून ज्याची बांधी, त्याचा नंबर शेवटी. नवीन माणसाला हे उलटं वाटे. बाबा म्हणत, "जवळच्याच्या नाकासमोरून पानी जाते, त्याले कोन इसरंल? इसरतेत थे दूरच्याले." एवढंच. बाबा कमी बोलत. सगळं बोलणं बहुतेक माझ्या वाट्याला आलं असावं.

सुभद्राकाकू ही माझ्या धाकट्या काकांची बायको. काका तापानं गेले तेव्हा मी लहान होते. त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथं काकू अकरा दिवस त्यांच्या उशाशी बसली होती. त्या अकरा दिवसांबद्दल ती फारसं काही बोलली नाही कधी, पण एक गोष्ट मात्र कितीदा सांगायची. तिथं एक नर्सबाई होती, सावळी, आपल्यासारखीच, कपाळावर गोंदण असलेली. ती काचेची नळी काकांच्या काखेत लावायची, वाचायची आणि पलंगाला टांगलेल्या कागदावर काही लिहायची. मग डॉक्टर यायचे, तो कागद वाचायचे, आणि त्याप्रमाणे औषध द्यायचे. "बाई लिहिते अन् डाक्टर ऐकते," काकू म्हणायची. "मी डोळ्यानं पाह्यलं." माझ्या मायला यात विशेष काही वाटायचं नाही. "त्यात काय व, मी बोलतो अन् तुहा भासरा ऐकते," असं ती म्हणायची. भासरा म्हणजे बाबा. ते अंगणातच असायचे आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या नर्सबाईसारखं शिक्षण देणारा बायकांचा एक दवाखाना होता, आणि तिथं जायला इंग्रजीची परीक्षा लागायची. तीन परीक्षा होत्या, खालची, मधली आणि वरची. नर्सिंगला मधली हवी. वाचून दाखवायचं, सांगतील ते लिहायचं आणि शेवटी परीक्षा घेणाऱ्या मॅडमसमोर इंग्रजीत बोलायचं. अट एकच, वय तिशीच्या आत. आता काकूचं वय कोणाला ठाऊक? ती जन्मली त्या साली शेजारगावच्या तलावाची पाळ फुटली होती, एवढीच नोंद. गावच्या शाळेच्या मास्तरांनी पाळ फुटल्याचं साल शोधून बोटांवर हिशोब केला आणि अर्जावर एकोणतीस लिहिलं. वर म्हणाले, "सुभद्राबाई, यंदाच. पुढच्या साली मले खोटं लिहावं लागंल, अन् मी थे लिहिणार नाई." मास्तर सरळ माणूस. काकूनं मान हलवली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात इंग्रजी सुरू झालं.

माझी नात सध्या अशीच एक परीक्षा देतेय, परदेशी जायला. कानात ती बोंडं घालून खोलीत एकटीच बोलत फिरते. मी विचारलं, कोणाशी बोलतेस गं? तर म्हणाली, मशीनशी, ते चुका सांगतं. मला हसू आलं. आमच्याकडेही मशीनच होतं म्हणायचं. उखळ होतं.

धान कापून झालं की आमच्याकडे कांडणं सुरू होई. एका उखळात दोन मुसळं, एक खाली तर एक वर. चुकून ताल गेला तर मुसळावर मुसळ आपटतं आणि हाताला अशा झिणझिण्या येतात की विचारू नका. काकू आणि मी कांडायला असायचो, माय सूप घेऊन पाखडायला. इंग्रजी अक्षरं मास्तरांनी आम्हा दोघींना पाटीवर गिरवून दिली होती. त्यांनीच दिलेलं एक पुस्तक होतं, त्याची मागची पानं वाळवीनं खाल्लेली. मी ते वाचून पाठ करायची आणि कांडताना काकूला द्यायची. मुसळाच्या एका घावाला एक शब्द. धम्, आय. धम्, गो. धम्, टू. धम्, मार्केट. काकूचा घाव आला की तोच शब्द तिच्या तोंडून, आणि मध्ये श्वासाचा एक हुंकार. अख्खं पुस्तक आम्ही असं कांडलं. माय म्हणायची, "तांदूळ कांडून राहिल्या का साहेबाले कांडून राहिल्या?" पण त्या वर्षी तांदळात कणी कमी पडली हे तिनंही कबूल केलं.

संध्याकाळी लाखोरीची डाळ शिजायची, तिचा तो मातकट गोड वास आजही आला की मला पुस्तकाची पहिली ओळ आठवते. रविवारी मास्तर येत. त्यांना इंग्रजी लिहिता-वाचता यायचं, बोलायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. माय त्यांना तळलेले झिंगे आणि भात वाढायची, आणि ते जेवून ओसरीवर बसले की काकूची परीक्षा घ्यायचे. इथं मोठी अडचण झाली. ओसरीवर पाट मांडून काकूला बसवलं की तिच्या तोंडून एक शब्द फुटेना. सगळं येत होतं, डोळ्यांत दिसत होतं, पण बाहेर येईना. मास्तर वाट बघून थकायचे. मग ती उठून उखळापाशी जायची, मुसळ हातात घेतलं की धाड धाड सगळं म्हणून दाखवायची. मास्तर कपाळाला हात लावायचे. "सुभद्राबाई, परीक्षेत उखळ नेता येत नाई."

"मंग कसं करू जी?"

"कसं करू म्हणजे? बोलाचं. यशोदी कशी बोलते, तसं."

मी फुगून बसायची. खरंच मला बोलता यायचं. मास्तरांनी तीन निबंध दिले होते, गाय, पोस्टमन आणि आगगाडीचा प्रवास. तिन्ही मी पाठ केले होते, पाण्यासारखे. मास्तरांचा सल्ला असा होता की मॅडमनं काहीही विचारलं तरी नाव सांगायचं आणि मग निबंध सुरू करायचा. थांबायचं नाही. थांबलं की ती पुढचं विचारणार. हा सल्ला मी ध्यानात ठेवला. एवढा ध्यानात ठेवला की काय सांगू.

माघात परीक्षा आली. मायनं रात्रीच लाखोरीचे वडे तळून फडक्यात बांधून दिले, सोबत लसणाचा ठेचा. पहाटे गाडी जुंपून तिरोड्याला, तिथून आगगाडीनं गोंदियाला. आगगाडीत मी पहिल्यांदाच बसत होते, आणि तिच्यावरचा निबंध पाठ असल्यामुळे खिडकीबाहेर काय दिसणार हे मला आधीच माहीत होतं. निबंधातला समुद्र तेवढा दिसला नाही.

स्टेशनापासून जवळच एक कौलारू बंगला होता, तिथं परीक्षा. सकाळी वाचून दाखवणं आणि लिहिणं झालं. काकूला वाचता आलं, कारण वाचताना ती उभी होती आणि टाचेवर किंचित डुलत होती. लिहितानाही टेबलाखाली तिच्या पायाचा अंगठा फरशीवर ठोके देत होता, मी तिरक्या नजरेनं पाहत होते. दोन्ही तिनं निभावून नेलं. राहिलं बोलणं. त्यासाठी आम्हाला व्हरांड्यात बसवलं. दहा-बारा बायका होत्या, सगळ्यांचे चेहरे ताप आल्यासारखे. नंबर-बिंबर काही नव्हते. आतून एक चपराशी डोकं काढून म्हणाला, "पहले कौन आएगा? जल्दी बोलो, मेमसाब को पाँच की पासिंजर पकडनी है."

कोणी उठेना. पहिलं जायची भीती सगळ्यांनाच. मी काकूला कोपरानं ढोसलं, चल, आपण होऊन जाऊ. आणि काकू उठली. मला वाटलं आत चालली. ती आत गेली नाही. ती सरळ पलीकडच्या कोपऱ्यात बसलेल्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी कोठून आल्या जी?"

"देवरीच्याही पलीकडून," ती बाई म्हणाली. "जंगलातून गाडी आणली. परवा निघालो."

"मंग तुमी आधी जा."

त्या बाईला काही कळलं नाही, पण काकूच्या आवाजात असं काही होतं की ती उठून आत गेली. मग काकू दुसरीकडे वळली. "आप कहाँ से आई?" कोणी बालाघाटकडची होती, कोणी डोंगरगडची, एक दरेकश्याची. सगळ्यांची गावं विचारून काकूनं अख्ख्या व्हरांड्याची ओळ लावली. लांबची पुढं, जवळची मागं. एकीला दोन माणसं सोडून उठवून पुढं सरकवलं. चपराशी दारात उभा राहून बघत होता. "बाई, तुम यहाँ की हेडमास्टरनी हो क्या?" त्यानं विचारलं. काकू म्हणाली, "नाई जी, तलाववाली."

आणि आम्ही? गोंदियातल्या दोघी सोडल्या तर आम्हीच सगळ्यात जवळच्या. त्या दोघींना आमच्यामागं बसायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, आम्हाला स्वयंपाक आहे, आणि सरळ मध्ये घुसल्या. काकूनं त्यांच्याकडं पाळीवरून कोणी चोरून वळवलेल्या पाण्याकडं बघावं तसं बघितलं. मी मात्र रडकुंडीला आले होते. "काकू, गाडी जाईन ना. आपला नंबरच नाई येणार."

"येईन."

"काऊन येईन? कोण देईन?"

"पानी हाये तोवर शेवटची बांधीबी भिजते," ती म्हणाली. तिला यात शंकाच नव्हती. तलावात पाणी किती आहे हे बाबांना काठीनं मोजता यायचं, पण मॅडमच्या घड्याळातली वेळ मोजायला आमच्याजवळ काठी नव्हती, हे तिच्या लक्षातच आलं नाही. आजवर मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. परीक्षेत लोक उत्तरं चुकतात. रांग लावण्यात चुकलेली बाई मी एकच पाहिली.

सांगायला नको, तेच झालं. मध्ये घुसलेल्या दोघी बाहेर आल्या आणि त्यांच्यामागोमाग मॅडमच बाहेर आली. उंच, गोरी, उन्हानं नाक सोललेली, डोक्यावर टोपी. चपराशाच्या हातात तिची पेटी. तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि चपराशाला काहीतरी म्हणाली. चपराशी ओशाळून आम्हाला म्हणाला, "अगले साल आना, बाई."

मला वाटलं आता काकू खाली बसेल. तिचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. तिला पुढचं साल नव्हतं, आणि ही गोष्ट त्या व्हरांड्यात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती. तिनं वड्यांचं फडकं काखेला मारलं, पदर खोचला आणि मॅडमच्या मागं चालू लागली. आमचीही गाडी तीच होती, नागपूरकडची, तेव्हा मला वाटलं ती घरी निघाली. मी चपला हातात घेऊन पळत त्यांना गाठलं. मॅडम भराभर चालायची, तिची ढांग पुरुषासारखी. काकूनं तिच्या पावलाला पाऊल जुळवलं. धप्, धप्, धप्. आणि पाच-सहा पावलांनंतर तिच्या तोंडातून ते निघालं.

"मॅडम. नेक्स्ट. इयर. आय. ओल्ड."

एकेका पावलाला एक शब्द, आणि मध्ये तोच कांडतानाचा हुंकार. मॅडमनं चालता चालता मान वळवली. तिनं इंग्रजीत विचारलं ते मला बरोबर समजलं. एवढी घाई होती तर मग शेवटी का बसलात?

आणि काकू बोलू लागली. मला आजही ते जसंच्या तसं पाठ आहे, माझ्या तिन्ही निबंधांपेक्षा जास्त. "अवर. व्हिलेज. बिग. टँक. वॉटर. गो. फार. फार. फील्ड. फर्स्ट." तिनं हात लांब करून रस्त्याच्या टोकाकडे दाखवला. "निअर. फील्ड. सिट. वुमन. फ्रॉम. फॉरेस्ट. टू. डे. कार्ट. शी. फर्स्ट. आय. निअर. आय. सिट."

मॅडमची ढांग हळू झाली. काकूचीही झाली, पण ठोका चुकला नाही. मॅडमनं विचारलं, आणि जवळचा माणूस ऐकत नसेल तर? काकूनं हवेत काठी उगारल्यासारखं केलं. मग ती म्हणाली, "माय. हजबंड. बिग. ब्रदर. सिट. देअर. बिग. स्टिक."

मॅडम हसली. रस्त्यात उभी राहून हसली. आणि नेमकं तेव्हाच मला राहवलं नाही. एवढं अशुद्ध इंग्रजी! पुस्तकातल्या एकाही वाक्यासारखं नव्हतं ते. मी मध्ये घुसले, पुस्तकी थाटात म्हणाले, "मॅडम, शी इज ट्राइंग टू से..." मॅडमनं माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. फक्त बोट. काकूचं बोलणं संपेपर्यंत ते बोट वरच होतं. तलावाला तूम किती, म्हणजे पाणी सोडायचं दार किती. पाण्याची चोरी होते का. बायका पाण्यावर जातात का. असं कितीतरी तिनं विचारलं, आणि काकूनं जमेल तसं, हातांनी, पायांनी, कुठं शब्द नाहीच सापडला तर सरळ आपल्या झाडी बोलीत सांगून, उत्तरं दिली. स्टेशन आलं तरी दोघी फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतच होत्या. लोक बघत होते.

मग मॅडम माझ्याकडे वळली. आवाज प्रेमळच होता. तू काय केलं असतंस, तिनं विचारलं, व्हरांड्यात तू कोणाला आधी पाठवलं असतंस? किती सोपा प्रश्न. खरं उत्तर होतं, स्वतःला. एका शब्दाचं उत्तर. पण माझ्या डोक्यात मास्तरांचा सल्ला घंटेसारखा वाजला, आणि मी नाव सांगितलं, हात जोडले आणि म्हणाले, "द पोस्टमन इज अ युसफुल पर्सन. ही वेअर्स अ खाकी कोट."

मॅडमनं दोन वाक्यं ऐकली. मग हळूच विचारलं, तुमच्या गावी पोस्टमन येतो का? मला प्रश्न समजला. येतो, आठवड्यातून एकदा, मंगळवारी, धोतर नेसून, कोट नसतोच. हे सगळं मला येत होतं. पण थांबायचं नाही ना. "ही ब्रिंग्ज लेटर्स इन ऑल सीझन्स," मी म्हणाले, आणि गाडी आली तोवर पोस्टमन संपवला. माझी मीच खूष. परतीच्या गाडीत मी काकूला म्हणालेसुद्धा, "तू काळजी नको करू व, मी पास झाली की मॅडमले तुह्यासाठी चिठ्ठी लिहीन." ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. "हाव," म्हणाली. वडे तसेच राहिले होते, ते आम्ही तेव्हा खाल्ले.

पत्र चैत्रात आलं. अंगणात मोहफुलं वाळत पडली होती, काकू त्यांच्यातले देठ वेचत बसली होती, आणि सगळ्या घराला तो गोड जड वास. माय दाराशी होती, बाबा नुकतेच पाळीवरून येऊन पाय धूत होते. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं, कारण गावात इंग्रजी वाचणाऱ्यांत मास्तरांनंतर माझं नाव होतं. मी ते उभ्यानंच फोडलं. एकच कागद, त्याच्यावर खाली वर दोन ओळी, दोन नावं. मी आधी माझी ओळ वाचली. कोणीही तेच केलं असतं. मग काकूची.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कागद पुन्हा वरून वाचायला लागले. काकूनं माझा चेहरा पाहिला आणि परत खाली बघून देठ वेचायला लागली. "होऊ दे," ती म्हणाली. "तू त पास हायेस ना? बस झालं." तिचा हात मात्र चांगली फुलं देठांच्या ढिगात टाकत होता.

तेव्हा मी मोठ्यानं वाचलं. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. सुभद्राबाई उत्तीर्ण, आषाढात दवाखान्यात हजर व्हावं, सोबत दोन पांढरी लुगडी आणावी. बाबांनी पाय पुसले, पायावरचं पंच्याचं टोक झटकलं आणि म्हणाले, "दोन काऊन? चार न्या. पांढरं मळते." माय हसता हसता रडायला लागली आणि आत गेली. जाण्याच्या परवानगी-बिरवानगीचं जे काही होतं, ते तेवढ्यातच झालं.

काकू उठली. हात लुगड्याला पुसले. "आखीन एक डाव वाच," म्हणाली. मी वाचलं. "आखीन एक डाव." मी तिसऱ्यांदा वाचलं, तीच एक ओळ, आणि कागदाचा खालचा भाग अंगठ्याखाली दाबून धरला. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मी विसरलेच होते की आता तिलाही वाचता येतं. तिनं माझा अंगठा हळूच उचलून बाजूला केला आणि मला जवळ ओढलं.

"आता तुही ओळ वाच," ती म्हणाली. "मी हाये इथं."

मी वाचली.